नाव?

इनास डिसोजा बोटीवर आगवाला होता,
कोळसा फोडून फोडून अंगठ्यांना नखं उरली नव्हती.
माझी रात्रपाळी असली की उभादांड्याहून चालत यायचा,
केळीच्या सोपटात चार खारे बांगडे बांधून,
आणि ठाण्याच्या बाकावर बसून मला विस्मार सांगायचा.

विस्मार म्हणजे रशियनांच्या ताब्यातला जर्मनी. सन अठ्ठेचाळीस.
बॉयलर फुटला म्हणून बोट तीन महिने अडकलेली.
बंदरावर एक म्हातारा शिपाई,
मिश्यांवर बर्फ, जवळ खिळखिळी सायकल.
झिंगलेल्या खलाशांना हँडल धरायला देऊन
तो बोटीपर्यंत पोचवायचा.
इनासने दोनदा कोळसा चोरला, दोनदा त्याने कान पिरगाळला,
तिसऱ्यांदा इनासचीच विडी मागून ओढली.

मग चौकीत एक खुर्ची वाढली.
खुर्चीत एक तरुण माणूस. वर्दी नाही.
“तेका संस्कृतीचो मास्तर म्हणतत,” इनास हसायचा,
“शिकवणा काय नाय. बसान ऱ्हवता. च्या पिता. आयकता.”
पट्टे नवे आले. जुना फौजदार कुठे गेला
ते त्याच्या बायकोनेही विचारलं नाही.
गावचे पोलीस होते, ते बर्लिनचे झाले,
कुत्रं हाकलायचं तरी बर्लिनला विचारून.
चौथ्यांदा इनास सापडला, सहा बटाट्यांसह,
तेव्हा म्हाताऱ्याने आधी खुर्चीकडे पाहिलं,
मग दौतीत टाक बुडवला,
मग विचारलं, नाव?

“काल माझ्या इडयेर आपली इडी पेटयल्यान, हवालदारानु,
आणि आज इचारता, नाव काय.”

मी हसायचो.
स्टेशन डायरीत लिहायचो:
काजूच्या फॅक्टरीत दोन बायकांची बाचाबाची, समज देऊन सोडले.
बंदरात शांतता.

आमच्याकडे वरून पडतो तो नारळ,
आणि पाडेली आधी ओरडतो, बाजूक व्हा.
‘वरून’ हा शब्द मी पंच्याहत्तर साली पुन्हा शिकलो.
दिल्लीहून मुंबई, मुंबईहून रत्नागिरी,
रत्नागिरीहून ट्रंक कॉल, मध्ये नुसती खरखर,
आणि खरखरीतून सात नावं, तीन चुकीची उच्चारलेली.
कोण ओरडलं नाही.

आमच्याही फौजदारांच्या टेबलाशी एक खुर्ची वाढली.
तालुक्याचे एक कार्यकर्ते, परीटघडीचे,
कधी काही म्हणाले नाहीत. फौजदार सही करण्याआधी
त्यांच्या बशीकडे बघायचे,
चहा संपलाय की उरलाय.

यादीत चौथं नाव पास्कूचं.
काजूच्या डब्यांत घालून कसली पत्रकं धाडत होता म्हणे.
पास्कू इनासचा.
बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या सदऱ्यावर ओकला होता.
सात वर्षांचा असताना दीपगृहाखालच्या खडकात त्याचा पाय अडकला,
भरती चढत होती, मी कोयत्याच्या मुठीने
कालवं फोडून फोडून तो मोकळा केला,
माझ्या तळहातावर अजून वण आहे.

त्या रात्री इनास त्याच्याच बाकावर होता.
सोपट तसंच बांधलेलं, मांडीवर.
पास्कू माझ्यासमोर, एका पायात चप्पल.
मी पेनाचं टोपण काढलं.
मागे कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला, एवढाच.

मला ते नाव येत होतं. आडनावासकट,
आईच्या नावासकट,
चिडल्यावर आजी काय हाक मारायची तेही.
रकाना रिकामा होता.
नाव? मी विचारलं.

पास्कूने बापाकडे बघितलं.
इनास सोपटाची गाठ चाचपत होता.
“सांग रे तेका,” तो म्हणाला, हळू.
“तेका ठावक नाय.”